जगाची दारिद्र्यरेषा आणि आमच्या दुकानातली उधारीची वही

मलप्रभाकाठ

गेल्या महिन्यात माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आत दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दुकानाच्या उधारीच्या वह्या निघाल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबोडक्या, १९९१ पासून २००५ पर्यंतच्या. मधली दोन वर्षं वाळवीनं खाल्ली, बाकी शाबूत. दुकान खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवरच्या आमच्या गावात. दादांच्या मागं धाकटा भाऊ चालवतो. मी मास्तरकी संपवून घरी आहे.

दादा वहीत माणसाचं नाव लिहीत नसत, घराची खूण लिहीत. ‘वडाकडची’, ‘विहिरीवरची’, ‘खालच्या आळीची म्हातारी’. १९९३ चा श्रावण उघडला. ‘वडाकडची’ या खुणेखाली: तांदूळ १ किलो. दोन दिवसांनी तांदूळ अर्धा किलो. गोडेतेल ५० ग्रॅम. मीठ. चहापूड एक पुडी. पुन्हा तांदूळ १ किलो. महिनाभर हेच. साखर कुठंच नाही. गूळ दोनदा, दोन्ही वेळा सणाच्या आदल्या दिवशी. त्या घरात तेव्हा सात माणसं होती.

आपल्याकडं भात पिकतं. ते कार्तिकात घरात येतं आणि ज्याची जमीन थोडी त्याचं ज्येष्ठ-आषाढात संपतं. लावणीच्या दिवसांत कष्ट सगळ्यात जास्त आणि कणगीत दाणा सगळ्यात कमी. ते तीन महिने अर्धं गाव आमच्या वहीवर काढायचं आणि सुगीला भात घालून फेडायचं. भाताचा भाव दादा ठरवत. त्यात आमच्या घराचा फायदा होता, माझं शिक्षण त्यातूनच झालं, हेही इथं लिहून ठेवतो.

मग भावाच्या वह्या मागून घेतल्या. २०१३ च्या जुलैत कर्नाटकात अन्नभाग्य सुरू झालं, एक रुपया किलोनं तांदूळ, दोन वर्षांनी तोही फुकट. भावाच्या २०१४ च्या वहीत श्रावणाच्या पानांवर तांदूळ जवळजवळ नाहीच. अंडी आहेत, बिस्किटं आहेत, शांपूच्या पुड्या आहेत, मोबाईलचं रिचार्ज आहे. ‘वडाकडची’ या खुणेपुढं साखर ५ किलो असं एका वेळचं लिहिलेलं दिसलं आणि मी बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसलो. हे एकट्या रेशननं झालं असं मी म्हणणार नाही. त्या घरातली दोन पोरं तोवर गोव्याला लागली होती, गावात डांबरी आली होती. पण श्रावणातला तांदूळ वहीतून गेला, ही माझ्या आयुष्यात मी पाहिलेली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

हे इथं का मांडतोय ते सांगतो. जगातली गरिबी कमी झाली असं वाचलं की आपल्यातले निम्मे लोक टाळ्या वाजवतात, निम्मे ‘आकडे खोटे’ म्हणतात. जागतिक बँकेनं जून २०२५ मध्ये अतिगरिबीची रेषा दिवसाला माणशी २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. या नव्या रेषेनं मोजलं तर १९९० मध्ये जगात सुमारे २३० कोटी माणसं तिच्याखाली होती, म्हणजे शंभरातली त्रेचाळीसच्या आसपास. आता सुमारे ८१ कोटी, शंभरातली दहा. भारतात याच रेषेनं २०११-१२ मध्ये २७.१ टक्के, २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के. मी वही पाहिली आहे, त्यामुळे ही घट खोटी आहे असं मला म्हणवत नाही.

पण वहीत मला दुसरी एक गोष्ट दिसते, ती या आकड्यांत नाही. गरिबी मोजताना आपल्याकडं घरानं काय खाल्लं, काय वापरलं, किती खर्च केला ते विचारतात. तो खर्च कशातून झाला ते त्या आकड्यात उतरत नाही. मजुरीतून आणलेला किलोभर तांदूळ आणि उधारीवर आणलेला किलोभर तांदूळ तिथं सारखाच. दादांच्या वहीत मात्र फक्त दुसराच असायचा. आज दुकानाची उधारी घटली आहे, आणि दर मंगळवारी देवळाच्या कट्ट्यावर छोटी कर्जं देणारा फायनान्सवाला हप्ते गोळा करायला येतो तेव्हा त्याच घरांतल्या बाया रांगेनं बसलेल्या असतात.

म्हणून विचारतो. तुमच्या घरातून, गल्लीतून, गावातून काय गेलं आणि त्या जागी काय आलं? ऐकलेलं नको. पाहिलेलं, हातानं केलेलं लिहा.

निपाणीची लेक

गुरुजी, तुमची वही वाचून आईचं सूप डोळ्यांपुढं आलं. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू, शेजारी सुताचं बंडल. सकाळी आमचं आवरून बसायची ते दिवेलागणीपर्यंत. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायला जायची. तिथं विड्या तपासून छाट काढायचे, छाट गेलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. छाट जास्त निघाली की घरी आल्यावर ती बोलत नसे. आम्हा तिघा भावंडांना ते लगेच कळायचं.

निपाणी म्हटलं की लोकांना १९८१ चं तंबाखू आंदोलन आठवतं, रस्त्यावर बसलेले शेतकरी, गोळीबार. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांनीही त्या काळात संघटना केली, मोर्चे काढले, ते कमी लोकांना माहीत आहे. त्या लढ्यांतून आईच्या हाती एक गोष्ट आली. विडी कामगाराचं कार्ड. १९७६ च्या कायद्यानं विडीवर उपकर बसला होता, त्या निधीतून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळायची. माझं नर्सिंग त्यावर झालं. आईचे डोळे गेले तेव्हा पीएफची रक्कम हातात आली, त्यात घरावर पत्रा पडला.

आमच्या घरातून काय गेलं विचाराल तर तंबाखूचा वास गेला. माझी मुलगी विडी वळत नाही. पण २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. आता हा पैसा सरकारनं बजेटमधून द्यायचा. ज्या शिडीनं मी वर आले ती माझ्या मागं कुणी हलवली तर नाही ना, ही काळजी मला आजही आहे.

सरळसोट

धागा चांगला आहे पण मूळ आकडा मान्य करून गुरुजींनी घाई केली. ३ डॉलर म्हणजे अडीचशे रुपये असं लोक समजतात. तसं नाही. ते डॉलर खरेदीशक्तीचे, म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जे येतं ते इथं घ्यायला किती रुपये लागतात ते बघतात, त्यात डॉलरला साधारण वीस-एकवीस रुपये धरतात. म्हणजे २०२१ च्या भावानं माणशी साठ-बासष्ट रुपये. बेळगावात बासष्ट रुपयांत काय येतं? एक राइस प्लेट येत नाही. आणि त्यात भाडं, कपडे, औषध, पोराची वही सगळं बसवायचं!

२०११ मध्ये आपल्याच नियोजन आयोगानं सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्र घातलं होतं, शहरात ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये रोजचा खर्च करणारा गरीब नाही म्हणून. देशभर संताप झाला. आता तेच जागतिक पातळीवर. संयुक्त राष्ट्रांचे अतिगरिबीचे विशेष प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन यांनी २०२० मध्ये स्पष्ट लिहिलं की जागतिक बँकेची रेषा इतकी खाली आहे की तिच्यामुळे उगाच यश मिळाल्याचा भास होतो. रेषा जमिनीवर आखली की सगळेच तिच्यावर उभे दिसतात.

आकडेमोड

मी मूळची बेळगावच्या शहापूरची, पुण्यात अर्थशास्त्र शिकवते. सरळसोट यांचा राग रास्त आहे, पण दोन रेषांची दोन कामं वेगळी आहेत, ती वेगळी ठेवू या.

रेषेची कल्पना आपल्याकडं काही वॉशिंग्टनहून आली नाही. पुण्यातल्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला, रोज माणशी २२५० उष्मांक मिळायला किती खर्च लागतो त्यावरून. त्यांचा पुढचा प्रश्न होता, या माणसांना काम कसं द्यायचं? आणि तेव्हा महाराष्ट्रात वि. स. पागे यांचा रोजगार हमीचा विचार आकार घेत होता. पहिला प्रयोग १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात, तुमच्या-आमच्यापासून फार लांब नाही. १९७२ च्या दुष्काळात ती योजना लाखोंना जगवून गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याचं मूळ तिथंच आहे. म्हणजे रेषा आखणारे तिथंच थांबले नव्हते.

जागतिक रेषेचं काम वेगळं. ती जगातल्या सगळ्यात गरीब देशांच्या स्वतःच्या रेषांवरून काढतात. १९९० मध्ये दिवसाला १ डॉलर होती. तिचा उपयोग नायजेरिया, बांगलादेश आणि भारत एका मापात बघायला. कुणाला रेशन कार्ड द्यायचं ते तिच्यावरून ठरवायचंच नाही.

त्या मापात काय दिसतं? मोठी घट पूर्व आशियात झाली. एकट्या चीनमध्ये चाळीस वर्षांत जवळजवळ ८० कोटी माणसं वर आली. सुरुवात शेतीतून झाली, कुटुंबाला जमीन कसायला आणि पीक विकायला मोकळीक मिळाली तिथून. कारखाने नंतर आले. व्हिएतनाममध्ये १९८६ नंतर असंच काहीसं. मग दक्षिण आशिया. आज अतिगरिबांपैकी सुमारे दोन तृतीयांश सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत. तिथं पावसावरची शेती, लढाया, आणि उत्पन्नापेक्षा वेगानं वाढणारी लोकसंख्या. टक्का थोडा उतरतो, माणसं मात्र कमी होत नाहीत. २०२० मध्ये कोविडनं जगभर सुमारे ७ कोटी माणसं पुन्हा खाली ढकलली, कैक वर्षांत पहिल्यांदा आलेख उलटा वळला. २०३० पर्यंत अतिगरिबी संपवायची असं २०१५ मध्ये सगळ्या देशांनी ठरवलं होतं. ते होत नाही, हे आता उघड आहे.

भारताच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. घरखर्चाच्या २०११-१२ आणि २०२२-२३ च्या सरकारी पाहण्यांत प्रश्न विचारायची पद्धत बदलली आहे. नव्या पद्धतीत खर्च अधिक नोंदला जातो. मधली २०१७-१८ ची पाहणी सरकारनं प्रसिद्धच केली नाही. त्यामुळे घट नेमकी किती यावर वाद राहील. घट झाली यावर मात्र वेगवेगळ्या वाटांनी येणारे लोक सहमत आहेत. खर्च बाजूला ठेवून पोषण, शाळा, संडास, चुलीचं इंधन, बँक खातं असं बारा बाबतींत बघणारा नीती आयोगाचा निर्देशांक आहे. त्यात कर्नाटक २०१५-१६ मध्ये १२.७७ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ७.५८.

आणि गुरुजींच्या मुद्द्याला धरून एक आकडा. ३ डॉलरच्या वर दुसरी रेषा आहे, ४.२० डॉलरची, भारतासारख्या देशांसाठी. तिच्याखाली २०२२-२३ मध्ये २३.९ टक्के लोक होते. म्हणजे शंभरातले अठरा-एकोणीस जण या दोन रेषांच्या मधे. मधलं अंतर रुपयांत करा, २०२१ च्या भावानं माणशी दिवसाला पंचवीस रुपये.

चंदगडी

आम्ही हद्दीच्या पलीकडचे, महाराष्ट्रातले, पण बाजार बेळगावचाच. काजू, रताळी सगळं तिकडंच उतरतं. एक साधी गोष्ट सांगतो. माझ्या बांधापासून दीड कोसावर कर्नाटक. २०२५-२६ साली रोजगार हमीचा रोज आमच्याकडं ३१२ रुपये होता, तुमच्याकडं ३७०. माती तीच, खोरं तेच. तुमच्याकडं त्याला उद्योग खात्री म्हणतात. माझी बहीण उचगावकडं दिलेली, ती उद्योग खात्रीवर चर मारते. तिला तिकडच्या सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० येतात, बायकोला इथं लाडक्या बहिणीचे १५००. तिला तिकडं बस फुकट, बायकोला एसटीत अर्धं तिकीट.

दोघी दिवाळीला भेटल्या की याचंच बोलणं. बहीण म्हणाली ते मनात राहिलंय. ती म्हणाली, दोन हजार येतात ते दुसऱ्या कुणाला न विचारता खर्च करायचे पहिले पैसे आहेत. तिनं त्यातून शिलाई मशीन घेतलं, हप्त्यानं.

सांबऱ्याहून

रोजाचा फरक, योजनांचा फरक ही सगळी सीमाप्रश्नाची फळं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आरोग्य योजना जाहीर केली, तीही या वादात सापडली. हे सोडून गरिबीवर काय बोलायचं?

धागा-व्यवस्थापक

सीमाप्रश्नावर आपला चालू धागा आहे, तो मुद्दा तिथं सविस्तर मांडावा. इथं घरखर्च, मजुरी, कर्ज, योजना यांवरचे अनुभव येऊ देत.

आशाताई_खानापूर

मी आरोग्य खात्याची आशा कार्यकर्ती आहे, बारा वर्षं झाली. लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

घरोघरी फिरतो आम्ही. पूर्वी बाळंतिणीच्या घरात गेलं की आधी डबे बघायची. आता डबे भरलेले असतात, ते खरं आहे. बायका म्हणतात, “तांदूळ आहे की घरात, हातात काय न्हाई बघा.” हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते.

मागच्या पावसात एका घरातल्या कर्त्या माणसाला ताप भरला, तो उतरेना. सरकारी कार्डावर पाच लाखापर्यंत उपचार होतात हे मीच त्यांना सांगत होते. पण रात्री घाबरून त्यांनी बेळगावात एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथं कार्ड चालत नव्हतं. चार दिवसांत घरातली म्हैस गेली, दोन फायनान्सचं कर्ज झालं. माणूस वाचला. म्हैस गेली म्हणजे दूध गेलं, डेअरीचे पैसे गेले, आता बायको काजूच्या कारखान्यात जाते. तांदूळ अजून आहे घरात. तुमच्या मोजणीत ते घर गरीब धरतील का?

अजून एक. भीमगडच्या जंगलातली वाड्या-वस्त्यांची गावं आहेत, पावसाळ्यात ओढे भरले की तिथनं माणूस बाहेर काढायचा म्हणजे खांद्यावरनं. पैसे असून काय करणार? बाईला बस फुकट झाली त्याचा आम्हाला फार उपयोग झाला, तपासणीला बायका एकट्या येतात आता, नवऱ्याकडं तिकिटाला पैसे मागावे लागत नाहीत. पण बस जिथपर्यंत येते तिथपर्यंतच ना.

आणि कागद. फायनान्सचा कागद कानडीत नाहीतर इंग्लिशमध्ये. आमच्या बायका मराठी शाळेत चौथी-सातवी शिकलेल्या. सही करतात, काय लिहिलंय ते कळत नाही. हप्ता किती तेवढं पाठ असतं. किती महिने ते विचारलं तर एकमेकींकडं बघतात.

वडगावचा माग

आशाताई, तुम्ही चुकला नाहीत कुठंच.

मी विणकर. बेळगावच्या वडगाव-खासबागेत आमच्या गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट असायचा, दोन घरांआड बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी घुसलं. बीम, सूत, मोटर सगळं भिजलं. सावकाराच्या सुतावर विणतो आम्ही, साडीमागं मजुरी, भिजलेलं सूत आमच्या अंगावर. त्यातून उठलो नाही तर सात महिन्यांत लॉकडाऊन. लग्नसराईत साड्या गेल्या नाहीत. तीन महिने एक मीटर कापड निघालं नाही.

मला कधी कुणी गरीब म्हटलं नव्हतं. पक्कं घर आहे, दोन माग आहेत, पोरगा डिप्लोमाला. पिवळं कार्डही नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा रेशनच्या रांगेत उभा राहिलो. गुरुजींच्या वहीत माझी खूण नसती कधी. आता एक माग विकलाय, पोरगा उद्यमबागेत फौंड्रीत लागलाय, बारा तास. घराचा खर्च पूर्वीपेक्षा जास्तच आहे. पाहणीवाला आला तर आमचं घर वर चढलं असंच लिहून जाईल.

आकडेमोड

वडगावचा माग, तुम्ही जे सांगितलंत त्यात पाहणीचा खरा आंधळा कोपरा आहे. खर्च वाढलेला दिसतो, माग विकलेला दिसत नाही. कर्जाची पाहणी देशात वेगळी होते. २०१९ मध्ये खेड्यांतली ३५ टक्के घरं कर्जात निघाली. पण ती आणि खर्चाची पाहणी एकाच घरात होत नाहीत, त्यामुळे ‘भरलेला डबा, रिकामा हात’ हे घर कुठल्याच तक्त्यात येत नाही.

फायनान्सबद्दल थोडं. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेनं १९८३ पासून बायकांना तारणाशिवाय कर्ज दिलं, २००६ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, आणि जगभर समजूत झाली की छोटं कर्ज गरिबी घालवतं. पुढं वेगवेगळ्या देशांत सहा काटेकोर अभ्यास झाले, त्यांत हैदराबादचा एक होता. २०१५ मध्ये ते एकत्र प्रसिद्ध झाले. कर्जानं काही घरांचा धंदा थोडा वाढला, अडचण निभावली, पण सरासरी घराचं उत्पन्न काही बदललं नाही. कर्ज हे कर्ज असतं. आपल्याकडं रिझर्व्ह बँकेनं २०२२ पासून नियम केला आहे की घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. देवळाच्या कट्ट्यावर हे कुणी मोजतं का, ते गुरुजींनी सांगावं. वसुलीच्या जाचानं लोक गाव सोडू लागले तेव्हा कर्नाटकानं फेब्रुवारी २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करून.

मग काय चालतं? बांगलादेशातच ब्रॅक या संस्थेनं २००२ मध्ये अगदी तळातल्या बायकांसाठी वेगळी वाट धरली. आधी कर्ज नाही. एक गाय किंवा शेळ्या फुकट, त्या दुभत्या होईपर्यंत खाण्यापुरते पैसे, शिकवणी, दर आठवड्याला घरी येणारी एक व्यक्ती, आणि बचत. दोन वर्षं. हे सहा देशांत तपासलं, आपल्या बंगालातही, आणि मदत थांबल्यावरही ती घरं वरच राहिली. बंगालातल्या घरांकडं दहा वर्षांनी गेले तरी फरक टिकून होता. बिहारनं २०१८ पासून सरकारी पातळीवर तेच सुरू केलं. माझं मत विचाराल तर आशाताईंच्या गोष्टीतली म्हैस हीच सगळी गोष्ट आहे. ती यायला दोन वर्षं लागतात, जायला चार दिवस.

मडगावात_सध्या

वाचतोय सगळं. मी गुरुजींच्याच तालुक्यातला, सेंट्रिंगच्या कामावर गोव्यात नऊ वर्षं. गावाकडं पैसे जातात ते वहीत दिसतात, इथं एका खोलीत सहाजण राहतो ते कुठं दिसत नाही. रेशन कार्ड गावाला. आता कुठल्याही राज्यात धान्य घेता येतं म्हणतात, पण माझं नाव कार्डात घरच्यांबरोबर, त्यांनी तिकडं उचललं की संपलं. मी इथं विकतचा तांदूळ खातो. एवढंच.

सरळसोट

आधीच्या प्रतिसादात मी रेषेवरच अडलो होतो. माग विकल्याचं वाचून गप्प बसलो. रेषा कितीही वर नेली तरी हे दिसणार नाही, हे मान्य. पण मग वर न्यायला तरी हरकत काय, हा माझा मुद्दा कायम आहे.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लिहिलं नाही कारण कट्ट्यावर बसलो होतो.

आकडेमोड ताईंनी विचारलं ते कुणी मोजत नाही. मी पाच बायांना विचारलं. एकीचे तीन ठिकाणचे हप्ते आहेत, तिन्ही वेगवेगळ्या वारी. तिला उत्पन्न किती असं विचारलं तर ती म्हणाली, कुठल्या महिन्याचं? लावणीचं की उन्हाळ्याचं?

ताईंचे पंचवीस रुपये घेऊन मी कागदावर मांडलं. पाच माणसांचं घर. दोन रेषांमधलं अंतर महिन्याला पावणेचार हजाराच्या आसपास. गृहलक्ष्मीचे २००० म्हणजे माणशी दिवसाला तेरा रुपये. भाव २०२१ चे, म्हणून अगदी बरोबर नाही, पण निम्मं अंतर त्यातून भरतं असं धरू. ती योजना ऑगस्ट २०२३ अखेर सुरू झाली आणि खर्चाची ती पाहणी जुलै २०२३ मध्ये संपली होती, म्हणजे २३.९ च्या आकड्यात ते पैसे नाहीतच. आता उलटी बाजू. त्या तीन हप्त्यांची बेरीज मी केली, ती त्या अंतराहून जास्त निघाली. घर कागदावर खालच्या रेषेच्या बरंच वर आहे. हप्ते वजा केले की खाली येतं. हे एका घराचं गणित आहे, गावाचं म्हणून सांगत नाही.

सरळसोट, रेषा वर न्यावी या मताचा मीही आहे.

जुन्या वहीतली ‘वडाकडची’ आजी अजून आहेत. वही घेऊन गेलो, त्यांना पान वाचून दाखवलं. म्हणाल्या, गूळ दोनदा नाही, तीनदा आणला होता, एकदा तुझ्या दादानं लिहिलाच नाही, पोरगी आजारी होती म्हणून. मग बराच वेळ त्या पोरीबद्दल बोलत होत्या. ती पोरगी त्या श्रावणात गेली. मला हे ठाऊक नव्हतं. पानावर त्या दिवशी फक्त मीठ लिहिलं आहे.

मी एक वही आखली आहे. चार रकाने: काय आणलं, किती रुपये, पैसे कुठून आले (मजुरी, योजना, गोव्याहून, उधार, फायनान्स), आणि त्यासाठी काही विकलं का. कट्ट्यावरच्या सात बाया वर्षभर लिहायला तयार आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं माझी सून लिहील. नावं नाहीत, घराच्या खुणा.

आशाताई_खानापूर

गुरुजी, पाचवा रकाना घाला. कागदावर सही केली तर कागद कुठल्या भाषेत होता, आणि कुणी वाचून दाखवला का.

वडगावचा माग

आमच्या गल्लीतली चार घरं लिहितील. वही पाठवा, नाहीतर मी येऊन घेतो. शनिवारी लाइट नसते, माग बंद असतात.

मलप्रभाकाठ

पाचवा रकाना घातला. शनिवारी या, जेवायलाच या. तोवर झेरॉक्स काढून ठेवतो.